घरातली वीज कुठे जाते: सवयी मोजायच्या कशा आणि बदलायच्या कोणत्या

एकाच नकाशावर बांधलेली, सारख्याच भिंतींची दोन घरं शेजारीशेजारी असली तरी त्यांचा ऊर्जावापर सारखा नसतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात हे बारकाईने मोजलं. जवळजवळ सारख्या घरांमध्ये वापराचा फरक दुपटीपर्यंत निघाला. राहणारं कुटुंब बदललं, की त्याच घराचा वापरही बदलायचा.

म्हणजे सवयींना वजन आहे. पण सगळ्या सवयींना सारखं नाही, आणि घोळ नेमका इथे होतो. संशोधक शहझीन अत्तारी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतल्या ५०५ लोकांना ऊर्जा वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय विचारला, तेव्हा सर्वाधिक लोकांनी ‘दिवे बंद करणं’ हे उत्तर दिलं. निरनिराळ्या उपकरणांचा वापर आणि होणारी बचत त्यांनी सरासरीने प्रत्यक्षाच्या जेमतेम एक तृतीयांश धरली होती. दिवा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो आधी आठवतो. तापलेलं पाणी दिसत नाही.

या लेखात आधी मोजणी आहे आणि मग सवयी. मोजल्याशिवाय सुरुवात केली तर कष्ट हमखास चुकीच्या जागी जातात.

आधी मीटर वाचा

१ युनिट म्हणजे १ किलोवॉट-तास: १००० वॉटचं उपकरण तासभर चाललं, की १ युनिट. सलग सात दिवस सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना मीटरचं रीडिंग वेळेसकट लिहा. शेजारी दोन गोष्टी टिपा: बाहेर साधारण किती तापमान होतं आणि त्या दिवशी घरात किती माणसं होती. या दोन नोंदी नसतील तर पुढची कोणतीही तुलना फसते.

आता रात्रीचा आकडा काढा. ज्या रात्री एसी किंवा हीटर चालला नाही, अशी रात्र निवडा. झोपताना आणि उठल्यावरच्या रीडिंगमधला फरक मधल्या तासांनी भागा. ७ तासांत ०.९ युनिट गेलं असेल, तर घर झोपेतही सुमारे १३० वॉट घेत होतं. यालाच पायाभूत भार म्हणतात. १०० वॉटचा अखंड भार वर्षाला ८७६ युनिट खातो, त्यामुळे इथले २०-३० वॉट शोधून काढणंही कामाचं ठरतं. केवळ पाच मिनिटं मीटर बघून हा आकडा काढू नका. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो आणि त्या पाच मिनिटांत तो कोणत्या अवस्थेत होता यावर उत्तर बदलतं.

मीटरवर दशांश दिसत नसतील तर लुकलुकणारा लाल दिवा वापरा. मीटरवर ‘१ किलोवॉट-तासाला इतके पल्स’ असा आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. मिनिटभरात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा आणि हे गणित करा:

वॉट = पल्स × ३६,००,००० ÷ (सेकंद × मीटरवरचा आकडा)

६० सेकंदांत २० पल्स आणि मीटरवर ३२०० असेल, तर त्या क्षणी घर ३७५ वॉट घेतंय. याच पद्धतीने एकेक उपकरण तपासता येतं. बाकी सगळं बंद ठेवून एक चालू करा, आधीचा आणि नंतरचा आकडा वजा करा. फ्रिजसारख्या मधूनमधून चालणाऱ्या वस्तूंसाठी मात्र प्लगमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर हवा, आणि तो किमान २४ तास लावून ठेवावा.

गरम पाणी

अनेक घरांत मोठा फरक इथे पडतो, म्हणून यावर जास्त वेळ घालवा. हिशोब सोपा आहे: १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. यात कोणतंही उपकरण सूट देत नाही. हीटपंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आणणारं यंत्र) किंवा सौरऊर्जेवरचं यंत्र तीच उष्णता कमी विजेत देतं, पण उष्णता तेवढीच लागते.

शॉवरखाली बादली धरा, नेहमीइतका नळ सोडा आणि एका मिनिटात किती लिटर भरतात ते मोजा. समजा ९ लिटर भरले. दहा मिनिटांच्या अंघोळीत ९० लिटर गेले, आणि पाणी २० अंशांनी तापवलं असेल तर २.१ युनिट खर्च झाली. शॉवरचं तोंड बदलून प्रवाह ६ लिटरवर आणला आणि पाच मिनिटांत उरकलं, तर तीच अंघोळ ०.७ युनिटमध्ये होते. एका माणसाच्या एका अंघोळीत १.४ युनिटचा फरक. एवढ्या विजेवर ९ वॉटचा एलईडी दिवा दीडशे तासांहून जास्त चालतो. एकाच दिवशी चार जण अंघोळ करत असतील तर बचत साडेपाच युनिटच्या वर जाते.

प्रवाह कमी करणारं तोंड बसवणं ही एकदाच करायची गोष्ट आहे, म्हणून ती आधी करा. वेळ कमी करणं रोजच्या इच्छाशक्तीवर चालतं, त्याचा क्रमांक दुसरा. साबण लावताना नळ बंद करणं ही सवय मात्र लवकर अंगवळणी पडते आणि पाणी वाहण्याचा वेळ कमी करते.

गीझरबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. चालू ठेवलेला २ किलोवॉटचा गीझर सतत २ किलोवॉट घेत नाही. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून चालू-बंद होणारा खटका, त्याची वीज तोडतो. नंतर खर्च होते ती टाकीतून झिरपणारी उष्णता. ती किती, हे आवरणावर अवलंबून असतं, आणि घरीच मोजता येतं. गीझर पूर्ण तापू द्या, गरम पाणी कोणी वापरू नका, आणि ८-१० तासांत त्याने किती वीज पुन्हा घेतली ते बघा. जुन्या टाकीत हा आकडा मोठा निघाला तर टाइमर लावा. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला ०.७ युनिट, म्हणजे २ किलोवॉटच्या गीझरला साधारण २१ मिनिटं लागतात. अंघोळीच्या तासभर आधी खटका दाबायची गरज नाही.

टाइमर घेताना त्याची क्षमता बघा. २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॉटचा १३ अँपिअर. १० अँपिअरचा स्मार्ट प्लग अशा भाराने तापतो आणि वितळूही शकतो. १६ अँपिअरचाच घ्या.

तापमान कमी करतानाही मर्यादा पाळा. मोठ्या साठवण टाकीत पाणी दिवसेंदिवस कोमट ठेवलं तर फुप्फुसाचा गंभीर आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. २५ ते ४५ अंशांचा पट्टा त्यांना मानवतो. मोठी टाकी ६० अंशांवर ठेवून पाणी नळाशी थंडात मिसळणं हा सुरक्षित मार्ग आहे. लहान मुलं किंवा वृद्ध असतील तर मिसळणारा व्हॉल्व्ह बसवा, कारण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

आणखी एक छोटी गळती: गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या एकाच दांड्याच्या नळाचा दांडा मधोमध ठेवायची सवय. हात धुवायला दहा सेकंद नळ सोडला, तर गरम पाणी निघतं पण हातापर्यंत पोचत नाही. १५ मिलिमीटर व्यासाच्या दहा मीटर नळीत पावणेदोन लिटर पाणी मावतं. ते तसंच निवतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. दांडा थंडाच्या टोकाला ठेवायचा, एवढंच.

खोली थंड किंवा गरम करणं

मानवशास्त्रज्ञ विलेट केम्प्टन यांनी १९८६ मध्ये लिहिलं, की बरेच लोक थर्मोस्टॅटला नळाच्या चावीसारखं समजतात: जास्त फिरवला की जास्त जोरात येईल. प्रत्यक्षात तो फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. साध्या, ठरावीक वेगाच्या एसीला १८ अंश सांगितले म्हणून खोली २५ अंशांपर्यंत लवकर येत नाही, तो फक्त २५ ला थांबत नाही. इन्व्हर्टर एसी असा आकडा दिल्यावर कॉम्प्रेसर जास्त वेगाने फिरवतो हे खरं, पण त्या वेगात तो कमी कार्यक्षम असतो आणि आपण आकडा परत वर न्यायला विसरतो. हवं असलेलं तापमान एकदा ठरवा आणि रिमोटला हात लावू नका.

थंडाव्याचा आकडा एका अंशाने वर नेला की वीज साधारण ६ टक्क्यांनी घटते. घर आणि हवामानाप्रमाणे हे मागेपुढे होतं. दोन-तीन अंशांची भरपाई पंखा करतो, कारण अंगावरून वाहणारी हवा तेवढा गारवा देते. साधा छताचा पंखा ७० ते ८० वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरचा त्याच्या निम्म्याहून कमी. पण पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही. उलट मोटरची उष्णता खोलीतच राहते. रिकाम्या खोलीतला पंखा म्हणजे शुद्ध तोटा, त्यामुळे ‘बाहेर पडताना बंद’ हा नियम दिव्यापेक्षा पंख्याला जास्त लागू आहे.

उन्हाची खिडकी ऊन येण्याआधी झाका, आणि जमल्यास बाहेरून. काचेतून आत आलेलं ऊन आतल्या पडद्यावर अडलं तरी त्याची बरीच उष्णता खोलीतच उतरते. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड आणि कोरडी असेल तर खिडक्या उघडा. दमट असेल तर नको. ओलावा भिंती-गाद्यांमध्ये साठतो आणि दुसऱ्या दिवशी एसीला तो काढत बसावं लागतं. एसीची जाळी वापराच्या दिवसांत दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा.

थंड प्रदेशात उलटा हिशोब. घरातून निसटणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणून रात्री आणि घर रिकामं असताना तापमान खाली आणलं की बचत होतेच. ‘पुन्हा तापवायला जास्त लागतं’ हे साध्या हीटरच्या बाबतीत खरं नाही. अपवाद हीटपंपाचा. सकाळी तापमान एकदम चार-पाच अंशांनी चढवायला सांगितलं तर काही यंत्रणांमध्ये मदतीची विजेची कॉइल चालू होते आणि वाचवलेलं निघून जातं. तिथे रात्रीची घट एक-दोन अंशांचीच ठेवा.

हवा खेळती ठेवायला खिडकी दिवसभर फटीएवढी उघडी ठेवणं ही सर्वांत महाग पद्धत. हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. हवा बदलते, भिंती गरम राहतात. गॅसवर चालणारी कोणतीही शेगडी किंवा हीटर असेल त्या खोलीचे हवेचे झरोके मात्र कधीही बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्वयंपाकाच्या शेगडीवर खोली तापवणं त्याच कारणाने वर्ज्य.

स्वयंपाक

पाणी उकळल्यावर आच मोठी ठेवून अन्न लवकर शिजत नाही. पाणी शंभर अंशांवरच थांबतं, जास्तीची उष्णता फक्त वाफ करते. १ लिटर पाणी २० वरून १०० अंशांवर न्यायला ०.०९ युनिट उष्णता लागते, पण तेच लिटर वाफ होऊन उडायला ०.६३, म्हणजे जवळजवळ सातपट. उकळी आली की आच मंद आणि भांड्यावर झाकण, ही स्वयंपाकघरातली सर्वांत मोलाची सवय. प्रेशर कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत जातं म्हणून वेळ वाचतो. वाफ सुटू लागली की तिथेही आच कमी करायची.

किटलीत लागेल तेवढंच पाणी घ्या. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली तर ती हवा तापवते. विजेच्या कॉइलची शेगडी आणि ओव्हन काम संपायच्या पाचेक मिनिटं आधी बंद करता येतात, इंडक्शनला ही युक्ती लागू नाही.

फ्रिज

फ्रिजचं दार सारखं उघडू नका, हे प्रत्येक घरात सांगितलं जातं. त्याने होणारं नुकसान लहान आहे. १५० लिटर हवा पूर्ण बदलली तरी ती पुन्हा गार करायला एक-दोन वॉट-तासच लागतात, दमट हवेत थोडे जास्त. मोठं नुकसान दार नीट न लागल्याने होतं. रबरात कागद अडकवून दार लावा आणि ओढा; सहज सरकला तर तिथून हवा जाते. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, कडक झालं असेल तर बदला. मागे आणि बाजूला ५ ते १० सेंटिमीटर जागा सोडा, ओव्हनशेजारी ठेवू नका. आत ४ अंश आणि फ्रीझरला उणे १८ पुरेत. त्याहून थंड ठेवून काही मिळत नाही. बर्फ अर्धा सेंटिमीटर जाड झाला की काढा.

गरम अन्न आधी निवू द्यावं, पण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. विजेपेक्षा पोट महत्त्वाचं. भांडं थंड पाण्यात ठेवलं तर अर्ध्या तासात काम होतं.

‘असू दे, कधीतरी लागतो’ म्हणून चालू ठेवलेला दुसरा जुना फ्रिज असेल तर वॉटमीटर लावून बघा. बऱ्याचदा तो नव्या फ्रिजपेक्षा जास्त खातो, आणि आत दोन बाटल्या असतात.

कपडे

धुलाई यंत्रातली बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला ०.७ युनिट, ३० वर न्यायला ०.१७. रोजच्या कपड्यांना ३० पुरतं. महिन्यातून एकदा ६० वर चालवा, म्हणजे यंत्रात वास आणि बुळबुळीत थर धरत नाही. वाळवण्याचं यंत्र असेल तर पिळण्याचा वेग वाढवा. मोटरने काढलेलं पाणी, उष्णतेने उडवलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. दोरीवर वाळवणं उत्तमच, पण हीटरने तापवलेल्या बंद खोलीत वाळत घातले तर ते पाणी उडवण्याची उष्णता हीटरच देतो, आणि भिंतीला ओल येते ती वेगळी.

स्टँडबाय

रिकामा मोबाइल चार्जर ०.२ वॉट घेत असेल तर वर्षाला पावणेदोन युनिट, म्हणजे वरच्या दहा मिनिटांच्या एका अंघोळीहून कमी. चार्जर काढायला कोणाच्या मागे लागू नका. युरोपीय संघाने २०१३ पासून बहुतेक घरगुती उपकरणांची स्टँडबाय मर्यादा ०.५ वॉटवर आणल्यानंतर नव्या टीव्हीचाही प्रश्न लहान झाला. शोधायच्या त्या खऱ्या अर्थाने कधीच न झोपणाऱ्या वस्तू: जुना सेट-टॉप बॉक्स, ‘झटपट सुरू’ सेटिंग लावलेला गेम कन्सोल, रात्रभर चालू राहिलेला डेस्कटॉप, गरम-थंड पाण्याचं यंत्र, जुना पाणी फिरवणारा पंप. स्क्रीनसेव्हरने काहीही वाचत नाही. संगणकाला १० मिनिटांनी झोपायची सेटिंग लावा. राउटरचे १० वॉट वर्षाला ८८ युनिट होतात, पण घरात त्यावर चालणारं काही असेल तर तो तसाच राहू द्या.

बदल टिकवायचा कसा

खटक्याशेजारी चिकटवलेली सूचना काही दिवसांत डोळ्यांना दिसेनाशी होते. म्हणून आधी एकदाच करायच्या गोष्टी संपवा: शॉवरचं तोंड, गीझरचा टाइमर, फ्रिजचं तापमान, संगणकाची झोप, एसीचा ठरलेला आकडा. त्यानंतर रोजची एकच सवय निवडा, दोन आठवडे पाळा, मग पुढची. घरातल्या सगळ्यांचं तापमानावर एकमत होणार नाही. ज्याला जास्त उकडतं त्याच्या बाजूला टेबलफॅन आणि ज्याला थंडी वाजते त्याला पांघरूण, हे पूर्ण खोलीचं तापमान हलवण्यापेक्षा सोपं आहे.

परिणाम तपासताना बदलापूर्वीचे आणि नंतरचे दोन-दोन आठवडे घ्या, आणि सारख्या तापमानाचे, सारख्या माणसांचे दिवस निवडून तुलना करा. नुसते महिन्यामागून महिने ताडले तर ऋतूचा बदल सवयीच्या खात्यावर जमा होतो. पाचेक टक्क्यांपेक्षा लहान बदल घरच्या मीटरच्या चढउतारात बुडून जातो. तो बघायला त्या उपकरणालाच वॉटमीटर लावा. आणि नवं, कमी वीज खाणारं यंत्र आणलं असेल तर तासही लिहा. ‘हा कमीच खातो’ म्हणत तो दुप्पट वेळ चालला, की आकडा जागच्या जागी राहतो.

सवयी बदलूनही रीडिंग हलत नसेल तर दोष शोधा. सगळी उपकरणं बंद करून प्लग काढा. तरी मीटर लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा तुमच्या मीटरवर दुसरंच काही जोडलेलं आहे, आणि ते तपासायला परवानाधारक वायरमनच लागतो. गरम पाण्याचा नळ ठिबकत असेल तर त्याखाली तासभर भांडं ठेवून मोजा. दिवसाला १० लिटर ठिबकत असतील आणि ते ४० अंशांनी तापवलेलं पाणी असेल, तर रोजचं जवळजवळ अर्धं युनिट एका वॉशरपायी जातंय.